बिनसाखरेची कॉफी

शुब्रा, कैरो
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय अतियातताई,

तुझ्या कपाळाला ओठ लावून सलाम. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. बकरी ईदनंतर लिहीन म्हणालो होतो आणि आता अंगावर लोकरीची बंडी चढली. मधे दोनदा लिहायला बसलो होतो. एकदा पेन चालेना, एकदा मी चालेना.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. तुला फोन केला की तू विचारतेस, "बरा आहेस ना? सुंदुस बरी ना? चल, ठेव आता." आणि ठेवतेस. लाइन मोकळी पाहिजे. तुझ्या रिझ्कला तोच एक नंबर पाठ आहे. त्यानं फोन करावा आणि मामा बोलत बसलाय म्हणून त्याला लागू नये, असं व्हायला नको. मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, आजही करत नाही. पण दोन वाक्यांत न मावणारं काही सांगायचं असलं तर माणसानं काय करायचं? म्हणून कागद घेतला.

गुडघा कसा आहे? गॅसच्या टाकीचा खटका झोपताना बंद करतेस ना? मला त्याची फार काळजी वाटते. आमच्या गल्लीत मागच्या आठवड्यात एका घराचा पडदा पेटला. तळ्याकडून वारा सुटला की तुझ्या स्वयंपाकघराचं दार आपटतं, त्याला वीट लाव. तू उचलू नकोस, शेजारच्या सबाहला सांग.

हे पत्र मात्र सबाहकडून वाचून घेऊ नकोस. बाई चांगली आहे, पण तिचा आवाज मोठा आहे. बाबांनी आपल्या दोघांना चौथीपर्यंत शाळेत घातलं ते या दिवसासाठीच, असं समज. तू स्वतः वाच, बसून वाच, आणि शुक्रवारच्या आधी शेवटपर्यंत वाच. मधे ठेवलंस तर मी तुला फार वाईट माणूस वाटेन. शेवटपर्यंत वाचलंस तर कदाचित थोडा कमी.

आधी चांगली बातमी. सुंदुसचं काम झालं. टीव्हीवाल्यांनी तिची मालिका घेतली. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रमझानला दाखवणार म्हणतात. रोजा सोडून सगळा देश टीव्हीसमोर बसतो त्या वेळेला तुझ्या भाचीचं नाव पडद्यावर येईल. तिला हवं होतं ते मिळालं. फक्त त्यासाठी तुझी एक सही लागणार आहे. त्याचं पुढे सांगतो.

तू तिला लहानपणी पाहिलीस तशी ती आता राहिली नाही. सात वर्षं ती या लोकांच्या मागे आहे. मला वाटायचं, गोष्ट लिहायची, पाकिटात घालायची, पाठवायची, आवडली तर ते बोलावतील. तसं नसतं. आधी ओळखी लागतात, आणि ओळखी व्हायच्या तर ती माणसं जिथे कॉफी पितात तिथे जाऊन उभं राहावं लागतं. नुसतं उभं. हसत. सुंदुस उभी राहिली. मेळावे असतात, शिबिरं असतात, कुणाच्या सिनेमाचा पहिला खेळ असतो. प्रत्येक ठिकाणाहून ती कार्डं घेऊन यायची आणि दुसऱ्या दिवसापासून फोन लावायची. "साहेब शूटिंगला आहेत." "मॅडम प्रवासात आहेत." एक जण तर दोन वर्षं प्रवासात होता आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचा.

एकदा ती काळा रुमाल बांधून निघाली. विचारलं, कोण गेलं? म्हणाली, एका निर्मात्याची आई. म्हटलं, तू ओळखतेस? म्हणाली, "आईला नाही. निर्मात्याला ओळखायचंय." मला राग आला, ताई. म्हटलं, लाज वाटत नाही, मेलेल्याच्या दारात धंदा करायला जातेस? ती चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तिथे सगळे तेच करायला येतात. मी निदान रडते तरी."

आणि खरंच रडून आली. डोळे सुजले होते. कार्डही मिळालं होतं.

तिची मालिका माझ्यावर होती, म्हणजे माझ्यासारख्यावर. एक म्हातारा इस्त्रीवाला, गल्लीतले सगळे कपडे त्याच्या हाताखालून जातात, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याला कपड्यांवरून कळतं. हसवणारी गोष्ट होती. मी तिला रात्रीच्या जेवणाला एकेक किस्सा सांगायचो, ती लिहून घ्यायची. त्यातला तो वकील तुला आठवत असेल, ज्याचे सदरे दोन घरांतून यायचे. मला फार आवडायची ती गोष्ट. मी गेल्यावर माझं काहीतरी राहील, असं वाटायचं.

तर यंदा ती निवडली गेली. नाईलकाठच्या एका मोठ्या हॉटेलात मेळावा होता. लिहिणारे एका बाजूला, पैसे घालणारे दुसऱ्या बाजूला. लिहिणाऱ्यानं व्यासपीठावर जायचं, सात मिनिटांत आपली गोष्ट सांगायची, घंटा वाजली की गप्प बसायचं. पुढे बसलेल्यांनी प्रश्न विचारायचे. मग सुट्टीत कॉफी घेता घेता ज्याला आवडली तो जवळ येतो. कुणी नाही आलं तर समजून घ्यायचं.

सुंदुस म्हणाली, "बाबा, तुम्ही पण चला."

मी म्हटलं, मी कशाला? माझी पायघोळ गलाबिया बघून दारावरचाच हाकलेल.

"नाही हाकलणार. तीच घाला. राखाडी."

मी फुगलो, ताई. वाटलं, इस्त्रीवाल्याची गोष्ट आहे, खरा इस्त्रीवाला दाखवायचा असेल. तिचा कोट मी आदल्या दिवशी स्वतः केला, जुन्या पद्धतीनं, तोंडानं पाण्याचा फवारा मारून. बाह्या अशा उतरल्या की कागद कापावा. माझ्या गलाबियालाही तेवढाच वेळ दिला. या वयात, असा उतावळा.

दारात आमच्या गळ्यात एकेक पट्टी अडकवली, तिला नावाचं कार्ड. विकत घेणाऱ्यांची निळी, लिहिणाऱ्यांची पिवळी. माझ्या कार्डावर 'पाहुणा' लिहिलं होतं, ते पांढरं. तिथली माणसं सलाम करायच्या आधी तुमच्या छातीकडे बघतात. पिवळं दिसलं की नजर पुढे सरकते, आणि पांढरं दिसलं तर नजर थांबतच नाही. सुंदुस निळ्याच्या मागे निळं अशी फिरत होती आणि मी तिच्या मागे. शेवटी ती वळून म्हणाली, "बाबा, पोलीस ठाण्यात बोलावल्यासारखा चेहरा करू नका. बसा इथे."

तिला तयार करणारा एक माणूस होता, लुत्फी नावाचा. सगळ्या पिवळ्यांना तोच शिकवत होता, कसं उभं राहायचं, कुठे थांबायचं. त्यानं मला वरून खाली पाहिलं आणि सुंदुसला म्हणाला, "उत्तम. यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसव, उजेड पडतो तिथे." मग मला म्हणाला, "हाजी, तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त दिसायचं." मी हज केलेला नाही हे कुणाला सांगत बसणार.

सोनेरी खुर्च्यांच्या रांगा होत्या. गालिचा लाल. तुला खरं सांगतो, आत शिरताक्षणी मला मशिदीशेजारचा दुखवट्याचा हॉल आठवला. सुंदुसची आई, आमची हनीया गेली त्या वेळी असाच होता, रांगा अशाच, दाराशी घरचे पुरुष उभे. मी मनातल्या मनात कुराणाची आयत म्हणायला लागलो होतो. मग कुणीतरी गाणं लावलं म्हणून थांबलो.

तिच्या आधी पाच-सहा जण गेले. त्यातल्या तिघांच्या गोष्टीत जुळे भाऊ होते, एक पोलीस, एक चोर. माझ्या शेजारचा म्हणाला, "या देशात एकुलता एक कुणी जन्मतच नाही वाटतं." मला हसू आलं. शेवटचं हसलो ते तेव्हा.

सुंदुस वर गेली. कोट छान दिसत होता. मी इस्त्रीवाल्याची वाट बघत होतो. आणि ती म्हणाली, "माझ्या आत्याच्या गावात, ज्या घरात मरण झालंय तिथे ईदला काहकची बिस्किटं भाजत नाहीत. माझी आत्या दर ईदला भाजते. मुद्दाम खिडकी उघडी ठेवून, म्हणजे भट्टीचा वास गावभर जावा."

ताई, पत्र खाली ठेवू नकोस.

तिनं सगळं सांगितलं. रिझ्क इटलीच्या बोटीत कसा चढला ते. बोट फुटली, काही वाचले, काही किनाऱ्याला लागले, तो वाचलेल्यांतही नव्हता आणि लागलेल्यांतही नव्हता ते. तू अंगावर काळं घातलं नाहीस, अजून रंगीत गलाबिया घालतेस आणि बायका पाठीमागे काय बोलतात ते. सुबही जाळीवाल्याची बायको दुखवट्याची साखर घेऊन आली तेव्हा तू ती पुडी तिच्या अंगावर उधळलीस ते. फोनची लाइनसुद्धा सांगितली. तुझं नाव नाही घेतलं, पण बाकी काही सोडलं नाही. आणि मग तिनं दाराकडे हात केला, "ते माझे बाबा. त्या मुलाचे मामा. नऊ वर्षांत त्यांनीही एकदा दुखवटा घेतलेला नाही."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी दिसलो. दिसायलाच नेलं होतं.

पुढे मधोमध एक बाई बसली होती, मॅडम शहीरा. चॅनेलची. कापलेले पांढरे केस, गळ्यात निळी पट्टी. आधी ती मोबाइल बघत होती, आता बघत नव्हती. तिनं विचारलं, "आणि शेवट काय?"

सुंदुस म्हणाली, "शेवट नाही. ती अजून वाट बघते."

"ते आयुष्यात चालतं गं पोरी. मला रमझानच्या तिसाव्या दिवशी काहीतरी द्यावं लागतं. मुलगा परत येतो का? प्रेत मिळतं का? काय होतं?"

घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या आपल्या जेवण झाल्यावर हात पुसतात तशा. मी माझ्या पोरीचा चेहरा बघितला. सात वर्षं त्या चेहऱ्यावर होती. तिनं आपलं सगळ्यात जपलेलं काढून दिलं होतं, म्हणजे तुझं, आणि तेही पुरलं नव्हतं.

मला तिचा राग यायला हवा होता. तेव्हा आला नाही. आता येतो, मग जातो, मग परत येतो.

थोडं थांबतो. हात दुखतो. अंगठा अजून इस्त्री धरल्यासारखा वाकतो.

बुधवार

काल पत्र अर्धं ठेवलं आणि उठून अब्बूदच्या गाडीतळावर गेलो. म्हटलं, लिहायचं काय, समोर जाऊन सांगावं. तुमच्याकडच्या, बलतीमच्या मायक्रोबसमध्ये बसलोही. गाडी भरली होती, एका माणसासाठी थांबली होती. ड्रायव्हर ओरडत होता, "एक, फक्त एक!" तो एक आला, गाडी सुरू झाली, आणि मी म्हटलं, उतरू दे. सगळ्यांनी शिव्या घातल्या. एक बाई म्हणाली, "म्हातारपणी घर सोडू नये यांनी." बरोबर बोलली. हे पत्र त्याच ड्रायव्हरच्या हातून पाठवणार आहे. त्याचं नाव गुमआ, पुढचा दात नाही. तो सबाहच्या दुकानापाशी थांबेल. पोस्टाचा भरवसा नाही, आणि शुक्रवार जवळ आलाय.

तर सुट्टी झाली. सगळे कॉफीसाठी बाहेर निघाले, आणि बाहेर जायचं दार एकच, जिथे मला बसवलं होतं. एका वेटरनं माझ्या हातात कप दिला. मी घोट घेतला. साखर नव्हती. त्यांच्याकडे तशीच देतात म्हणे, साखर बाजूला पुडीत असते, ज्याला हवी त्यानं घालावी. मला काय ठाऊक? आपण बिनसाखरेची कॉफी फक्त दुखवट्याला पितो, ते तुला सांगायला नको. कप ठेवून मी उठून उभा राहिलो, कारण माणसं दारातून जात होती आणि आपण बसून कसं राहायचं?

पहिला माणूस वयस्क होता, निळ्या पट्टीचा. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "त्याचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

आणि मी म्हणालो, "अल्ला तुमची पायपीट मान्य करो."

दुखवटा घेणाऱ्यानं द्यायचं ते उत्तर तोंडातून गेलं, ताई. कुणी सलाम केला तर आपण सलाम करतो ना, तसं गेलं. बाबांच्या वेळी म्हटलं, हनीयाच्या वेळी दिवसभर म्हटलं, जीभ आपली आपणच वळते. नऊ वर्षं मी गावातल्या, गल्लीतल्या कुणालाच ते पहिलं वाक्य म्हणू दिलं नव्हतं. कुणी सुरुवात केली की "रिझ्क येईल" म्हणून हात सोडवून घ्यायचो. पण त्या हॉलमध्ये, त्या खुर्च्या, तो लाल गालिचा, जिभेवरची ती कडू चव, आणि समोर पुढे आलेला हात. मी म्हटलं.

दुसरा आला. त्यालाही म्हटलं. मग रांगच लागली.

मागे सुंदुस कुणाला तरी म्हणत होती, "नाही, नाही, तसं नाही..." मग तिचा आवाज थांबला.

मॅडम शहीरा सगळ्यात शेवटी आली. तिनं हात पुढे केला नाही. माझ्याकडे बघतच सुंदुसला म्हणाली, "वेडे, शेवट नाही म्हणत होतीस ना? हा घे शेवट. तिसाव्या दिवशी भाऊ दारात उभा राहतो आणि दुखवटा घेतो. बहिणीच्या पाठीमागे." मग मला म्हणाली, "हाजी, तुम्ही आज तुमच्या मुलीचं घर उभं केलंत."

असं ते काम झालं.

मेट्रोनं परत येताना आम्ही शेजारी बसलो नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, तू मला इस्त्रीवाला म्हणून नाही नेलंस.

ती म्हणाली, "इस्त्रीवाला मी चार ठिकाणी सांगितला, बाबा. लोक हसले आणि विसरले. लुत्फी म्हणाले, तुझ्याकडे काय आहे जे तुला सांगायला नको वाटतं? ते आण. आणि गोष्टीतलं एखादं माणूस आण."

म्हटलं, ते तुझ्या आत्याचं होतं.

"माझंही होतं. मला पोहायला कुणी शिकवलं? तळ्यावर मला खांद्यावर घेऊन कोण फिरायचं? तो गेला तेव्हा मी परीक्षेला बसले होते, आणि मला रडू दिलं नाही तुम्ही, म्हणालात, रडलीस तर आत्याला कळेल की आपण मानलं." मग ती खूप हळू बोलली. "बाबा, तो मेलाय. आत्या सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही."

मी तिला थोबाडीत मारायला हात उचलला आणि तिथेच ठेवला. मुलगी मोठी झाली आहे.

आता सहीचं. वकिलाचा कागद आहे. त्यात लिहिलंय की ही गोष्ट तुझ्या घरची आहे आणि ती दाखवायला तुझी हरकत नाही. त्यांना तुझ्या गावातच, तुझ्या दारासमोर मांडव घालून तो शेवटचा प्रसंग करायचाय. सुंदुस म्हणते, आत्यानं सही नाही केली तर ते नावं-गावं बदलून करतील, पण मग तिलाही बदलतील, दुसरा कुणी लिहील. म्हणजे तुझ्या नाहीमुळे गोष्ट थांबणार नाही, फक्त माझी पोरगी थांबेल. ती रडत नाही. सकाळी उठते, बसून पानं लिहिते, मला चहा देते. चहात साखर घालते, मुद्दाम दोन चमचे.

कागद मी पाठवत नाहीये. तिनं पाठवा म्हटलं, मी हो म्हटलं, आणि तो माझ्या गादीखाली आहे. आधी हे पत्र.

कारण खरं संकट सहीचं नाही. हॉलमध्ये कॅमेरे होते. मी दारात उभा आहे, हात पुढे केलाय, तोंड हलतंय, एवढा तुकडा त्यांनी लोकांना बघायला सोडून दिला. तो मोबाइलवरून फिरत फिरत गावाला पोचला. तुझ्याकडे तसला फोन नाही, म्हणून तुला अजून कळलं नाही, आणि तुझ्यासमोर कुणी बोललं नसेल. रविवारी सुबही जाळीवाल्याचा फोन आला. रागावला होता.

"हाजी बयूमी, कैरोत परक्यांकडून दुखवटा घेता आणि आम्हाला कळवत नाही?"

मी म्हटलं, सुबही, ती चूक झाली, तो मेळावा होता.

"चूक कसली? सगळ्यांनी पाहिलं. नऊ वर्षं आम्ही तोंड दाबून बसलो, बाईसमोर बोलायची सोय नव्हती. आता घरचा कर्ता पुरुष बोलला म्हणजे झालं. आम्ही शुक्रवारी नमाजानंतर अतियातकडे येतो. माणसं आहेत, गाव आहे, रीत आहे."

मी हातापाया पडलो. शेवटी म्हणाला, अतियातचा निरोप आला तर थांबू, नाहीतर येऊ. तो वाईट माणूस नाही. त्याचाही पुतण्या त्याच बोटीत होता. त्याला किनाऱ्यावर मिळाला, त्यानं पुरला. त्याला वाटतं, तुलाही ते मिळावं.

म्हणजे बघ, ताई. तुझा नवरा असता तर माझ्या बोलण्याला किंमत नव्हती. तो नाही, म्हणून तुझ्या घरचा पुरुष मी. तू नऊ वर्षं एकटीनं जे दार लावून धरलंस ते मी हॉटेलात कप हातात घेऊन उघडलं. तू काहीही म्हण, गावाच्या दृष्टीनं रिझ्क त्या दिवशी गेला. समुद्रानं नेला नाही, मी नेला.

इथे पत्र संपवायचं ठरवलं होतं. चूक झाली, तोंडातून गेलं, माफ कर, असं लिहून. गुमआची गाडी निघायला वेळ आहे, आणि तू शेवटपर्यंत वाचतेस असं मी धरून चाललोय, तर खोटं ठेवत नाही.

पहिल्या माणसाला तोंडातून गेलं. दुसऱ्यालाही गेलं असेल. पण तिसरा येईपर्यंत मला कळलं होतं मी काय करतोय. मी हात मागे घेऊ शकत होतो. खाली बसू शकत होतो. सुंदुस माझ्या पाठीशी आली होती, तिनं माझी बाही ओढली, आणि मी बाही सोडवून घेतली, ताई. मी उभा राहिलो. शेवटचा माणूस जाईपर्यंत उभा राहिलो, कारण प्रत्येक हाताबरोबर माझ्या छातीवरून काहीतरी उतरत होतं. अनोळखी माणसं माझ्या भाच्यासाठी दोन शब्द बोलत होती, आणि मी उत्तर देत होतो, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला बरं वाटत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला मनात अंघोळ घातली, कफन घातलं, कबरीत उतरवला. माझ्या गलाबियाची इस्त्री भिजली.

मी तुझ्यासारखा नाही. मला इतकं धरवत नाही. दर ईदला तुझ्याकडे येऊन ते काहक खाताना माझ्या घशात पिठी अडकायची. तू म्हणायचीस, "खा, रिझ्कच्या वाटचं पण खा, तो आला की नवे भाजू." मी खायचो आणि संडासात जाऊन रडायचो. तुला वाटायचं पोट बिघडलं, तू बडीशेपेचा काढा द्यायचीस. तोही प्यायलो.

म्हणून मी गाडीतून उतरलो. तुझ्यासमोर उभं राहून "चुकलो" म्हटलं असतं तर तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतंस की हा पुरता चुकलेला नाही.

आता तू सांग. मी ठरवणार नाही, मी एकदा ठरवलं ते पुरे झालं. येत्या ईदला तू काहक भाजणार असशील तर तसा निरोप पाठव. मी त्याच दिवशी गाडीत बसेन, उतरणार नाही. शुक्रवारी तुझ्या दारात उभा राहून सगळ्या गावासमोर सांगेन की म्हातारा चळलाय, त्याच्या बोलण्याला किंमत नाही, रिझ्क येईल. साखर आणणाऱ्यांना साखरेसकट परत लावीन. तो कागद फाडीन. सुंदुसला मी सांगेन, ती मला कधी माफ करणार नाही, ते माझ्याकडे राहू दे.

आणि भाजणार नसशील, थकली असशील, तर तेही पाठव. तरी मी येईन. राखाडी गलाबिया घालून दारात पहिला उभा राहीन, आणि जो येईल त्याला तुझ्या समोर, तुझ्या परवानगीनं उत्तर देईन. कॉफी मी करीन. कॅमेरा त्या दिवशी गावात शिरू देणार नाही, मग मॅडम काही म्हणो.

फोन करू नकोस, लाइन अडेल. गुमआ उद्या दुपारी परत निघतो. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी दे, एका शब्दाची चालेल. मी अब्बूदला त्याच्या गाडीपाशी उभा असेन.

वीट विसरू नकोस. दार आपटतं.

लवकर कळव, ताई. शुक्रवारच्या आत कळव.

तुझा धाकटा,
बयूमी